गॅसवरची गाडी

मे महिना संपत आला होता. घाटकोपर ओलांडल्यावर शिवदासने टेंपो हायवेच्या कडेला घेतला, खाली उतरला आणि मागचा फाळका धाडकन सोडला.

"जानकीवैनी, उतरा."

आत पाट्यांच्या मध्ये उकिडव्या बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावातून माल घ्यायचा आणि शिवदासच्या टेंपोतून आपापल्या बाजारात उतरायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. जानकीचं उतरायचं ठिकाण कांजूरमार्ग. ते अजून बरंच पुढे होतं.

"हय कित्याक?" जानकीने विचारलं.

"माझो टेंपो, माझी मर्जी. उतरा."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. डिझेल वाढलं म्हणून शिवदासने पाटीमागचं भाडं वाढवलं होतं. पुढे डिझेल उतरलं तरी भाडं काही उतरलं नाही. सकाळी धक्क्यावर बर्फ भरताना जानकीने सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, "काय ओ भावोजी, वाढला की तुमका ऐकाक येता नि उतारला की कान बंद?" बायका खदाखदा हसल्या. शिवदासही हसला होता. त्याचं हसू घाटकोपरला येऊन असं फुटलं.

त्याने तिच्या दोन पाट्या आणि सुरमईचा क्रेट स्वतः उचलून खाली आदळला. बर्फाचं पाणी तिच्या पायांवर सांडलं. "बायांनी मासे मोजूचे," तो म्हणाला, "डिझेल मोजूक आमी आसव."

रत्नप्रभा तिची इतक्या वर्षांची शेजारीण, मुलुंडच्या बाजारात बसणारी. ती अर्धवट उठली आणि परत बसली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात; इथे सगळ्याच अडलेल्या. फाळका वर गेला आणि टेंपो काळा धूर सोडत निघून गेला.

ऊन वर येत होतं. रिक्षा थांबायच्या, क्रेट बघायच्या आणि पुढे जायच्या. एकाने तर नाकाला रुमाल लावला. जानकीने डोक्यावरचा पदर काढून सुरमईवर ओला करून टाकला आणि स्वतः उन्हात उभी राहिली. शेवटी एक रिक्षावाला खाली प्लॅस्टिक अंथरून आणि दुप्पट भाडं ठरवून तयार झाला, तोवर बर्फाचं गरम पाणी झालं होतं.

बाजारात बसली तेव्हा बांगडे मऊ पडले होते. गिऱ्हाईक यायचं, अंगठ्याने दाबायचं, काही न बोलता पुढच्या बाईकडे जायचं. तिच्याकडून नेहमी मासे नेणाऱ्या एक मास्तरीणबाई होत्या. त्यांनी सुरमईचा कल्ला उचलून बघितला आणि हळूच म्हणाल्या, "जानकी, तूसुद्धा शिळं विकायला लागलीस?"

हायवेवर रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. तिने पाटीवर फडकं टाकलं आणि घर गाठलं. सगळा माल मांजरांच्या आणि कावळ्यांच्या स्वाधीन केला.

घरी सहदेव, तिचा नवरा, भिंतीला टेकून बसला होता. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं पत्रे उचलून त्याची कंबर गेली, आणि मग कारखानाही गेला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"शिवदास आपल्या वाडीचो माणूस," तो म्हणाला. "मी बोलतंय त्येच्याशी."

"काय एक बोलू नको. त्येची मी जिरवतलंय."

"म्हणजे काय करतलंस?"

"गाडी घेवन दाखवतलंय. त्येच्यापेक्षा कमी खाणारी. त्येच्या एकेक बायेक माझ्या गाडयेत बसवतलंय."

जानकी शिकलेली नव्हती, पण धंद्यातली होती. बायका शिवदासच्या प्रेमात नव्हत्या. त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, एवढंच. जो भाडं कमी घेईल त्याच्याकडे त्या जातील, आणि भाडं कमी घेणं कुणाला परवडेल, तर ज्याची गाडी कमी पिते त्याला. शिवदासचा टेंपो म्हातारा झाला होता. दर खेपेला पंपावर उभा राहून तो स्वतःच रडायचा, "एव्हरेज पार गेला हो गाडयेचा." तेच रडगाणं आता जानकीला गोड लागायला लागलं.

"भांडणापायी गाडी घेतली जायना," सहदेव म्हणाला. कारखाना बंद झाला तेव्हा हातात आलेले पैसे त्याने गावच्या घराच्या छपरासाठी राखून ठेवले होते. दर पावसात त्या घरातून भावाचा फोन यायचा की भिंत भिजली.

"भिजांदे," जानकी म्हणाली. "माझा तोंड भिजला ता कोणी बघूक नाय."

तिची मुलगी ऋतिका तेव्हा रिक्षा लावून आत आली. मुलुंड ते भांडुप ती भाड्याची रिक्षा चालवायची. खाकी शर्ट काढता काढता म्हणाली, "पप्पा, गाडी मी चालवीन. दुसऱ्याच्या रिक्षावर किती दिवस घासू? पण आई, तुझी खुन्नस बाजूला ठेव आणि नीट बघून घे. नाहीतर आपलीच वाट लागेल."

"खुन्नस बाजूक ठेवलंय तर गाडी घेव कित्याक?" जानकी म्हणाली.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला सुट्टी. एरवी जानकी या दिवसांत सुकट, बोंबील विकायची. या वर्षी तिने दुपारनंतर चपला घातल्या आणि ऋतिकाच्या रिक्षात मागे बसून गाड्या बघायला निघाली. सोबत सहदेव, कंबरेला पट्टा बांधून. पैसे त्याचे होते, त्यामुळे त्याला घरी ठेवणं बरं दिसलं नसतं.

पहिल्यांदा मुलुंडच्या एका शोरूममध्ये बॅटरीवरची तीनचाकी बघितली. पोरगेलासा सेल्समन होता. त्याने दार उघडून दाखवलं. "ताई, हिला काहीच लागत नाही. डिझेल नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही. घरच्या मोबाइलसारखी लावायची चार्जिंगला."

डिझेल नाही, हे ऐकल्याबरोबर जानकीचे डोळे चमकले. ऋतिकाने गाडी मागच्या रस्त्यावर फिरवून आणली. आवाज नाही, धूर नाही. जानकीला वाटलं, हीच. शिवदासच्या टेंपोपुढून एकदा ही अशी न बोलता काढायची. ती पाट्या मोजायला लागली. माझ्या दोन, रत्नप्रभाच्या दोन, टेंपोतल्या द्रौपदीच्या तीन... वजन सांगितलं तसं सेल्समनने मान हलवली. आरामात ओढेल म्हणाला. सहदेवने पाकिटाला हातसुद्धा लावला.

तेवढ्यात रत्नप्रभाचा फोन आला. ती मनाने शिवदासपासून फुटलेली होतीच. हायवेवर अर्धवट उठून बसल्याचं तिला सलत होतं. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आणि बर्फ गं?"

जानकीची मोजदाद तिथेच थांबली. आयुष्यभर पाट्या डोक्यावर वाहिल्या, तरी कोळीण काय, मालवणीण काय, वजन म्हटलं की मासाच मोजते. बर्फ वितळून जातो म्हणून तो कुणी हिशेबात धरत नाही. पण धक्क्यावरून निघताना मासा जेवढा, तेवढाच बर्फ असतो, आणि गाडीला दोन्ही ओढावे लागतात.

दुसऱ्या दिवशी तिने सेल्समनला परत गाठलं. म्हणाली, भरून दाखव. त्याने आढेवेढे घेतले, मग दुकानातून पाण्याचे कॅन भरून चढवले. जानकी आणि रत्नप्रभा वर चढून बसल्या. पुलाच्या चढावर गाडी अशी मंदावली की मागच्या बसने हॉर्न वाजवून कान फोडले. ऋतिका पुढच्या काट्याकडे बघत होती. "आई, चार्ज बघ कसा उतरतोय. पहाटे धक्क्याला गेलो तर येताना सायनला ढकलावी लागेल. आणि आपल्या गल्लीत चार्जिंग कुठे लावशील? खिडकीतून वायर टाकशील?"

"रिकामी चालवायला चांगली आहे," सहदेव सेल्समनला समजुतीने म्हणाला. परत येताना जानकी रिक्षात मागे वळून बघत होती. शिवदाससमोरून निघालेली ती बिनआवाजाची गाडी तिच्या डोक्यातून जाता जात नव्हती.

त्याच आठवड्यात शिवदासचा निरोप आला. गावच्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाच्या बैठकीत त्याने सहदेवला बाजूला घेऊन सांगितलं, "वैनीक सांग, चार बायांसमोर चुकला म्हणून म्हणांदे. परत घेतंय टेंपोत. पाठी बसाचा लागात, म्होरली सीट नाय." सहदेवने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्याला लपवता यायचं नाही.

जानकी सुकट निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "बरा केल्यान," ती म्हणाली. "माका मधीच दया येत होती."

मग कुर्ल्याच्या, भांडुपच्या गल्ल्या झाल्या. एक दलाल भेटला, त्याने जुन्या डिझेल गाडीला असा रंग मारून ठेवला होता की ती नवरीसारखी दिसायची. एव्हरेज विचारलं तर म्हणाला, "मावशी, गाडी चालवणाऱ्याच्या पायात असतं एव्हरेज." ऋतिकाने बॉनेट उघडून तेलात बोट बुडवलं आणि आईला चल म्हणाली. पावसात भिजून सहदेवला ताप भरला. तो दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी पट्टा बांधून परत निघाला. त्यालाही आता या शोधाची चटक लागली होती. रस्त्याने जाणारा कुठलाही टेंपो सिग्नलला थांबला की तो खिडकीतून विचारायचा, "दादा, काय देते?"

मासेमारी बंद असताना रत्नप्रभा भाजी विकायची आणि तो माल अजून शिवदासच्याच टेंपोतून आणायची. ती आता पुढे बसून त्याच्या काट्यावर लक्ष ठेवायची आणि घरी आली की जानकीला फोन करायची. "गं, आज पुन्हा दोनदा टाकी भरली. खोकते गाडी. घाम फुटला त्याला." दोघी फोनवर हसायच्या. असं हसणं चांगलं नव्हे, हे दोघींनाही कळत होतं. तरी हसू येत होतं.

कांदिवलीला एक राजेश म्हणून वेफर आणि फरसाण दुकानोदुकानी पोहोचवणारा माणूस होता. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे तो धंदा आवरत होता. त्याची चारचाकी छोटी गाडी गॅसवरची, चांगली राखलेली. आयुष्यभर हलके पुडे वाहिलेली गाडी. इंजिनाला कधी घाम आला नसेल.

"किलो गॅसमागे बावीस किलोमीटर देते," राजेश म्हणाला.

"वेफर घालून," जानकी म्हणाली.

राजेश हसला. "हो. वेफर घालून."

या वेळी ती बर्फ विसरली नाही. शेजारी इमारतीचं काम चाललं होतं, तिथल्या मुकादमाला सांगून वाळूची पोती घेतली. त्यावर रत्नप्रभा, द्रौपदी आणि ती स्वतः चढून बसली. द्रौपदी अंगाने दणकट, चढताना म्हणाली, "माझ्यासाठी दोन पोती कमी करा." राजेशने सकाळी गाडी गॅसने भरून आणली होती. कांदिवलीहून निघून, जोगेश्वरीवरून पवईचा चढ घेऊन कांजूरला, आणि तसंच परत. पवईला पाऊस झोडपायला लागला. तिघींनी एकच प्लॅस्टिक डोक्यावर धरलं. चढावर गाडीचा आवाज जाड झाला, पण ती थांबली नाही. ऋतिका पुढून ओरडली, "आई, ओढतेय गं! झकास ओढतेय!"

पंपावर रिक्षांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. तासभर उभे राहिले तेव्हा नंबर लागला. गॅसची नळी लागली, आकडा फिरायला लागला आणि चौघी बायका तोंडं वर करून परीक्षेचा निकाल बघावा तशा त्याकडे बघत राहिल्या. ऋतिकाने मोबाइलवर हिशेब केला. वजनासकट अठराच्या वर. शिवदासचा टेंपो याच्या पुष्कळ खाली होता.

"आमी खाल्लो त्येका," जानकी म्हणाली.

"ताई, एक सांगतो," राजेश म्हणाला. "ही गॅस कमी खाते, पण रांग तुमचा जीव खाईल. मासा थांबत नाही."

"सकाळी कोण भरतंय," ऋतिका म्हणाली. "माल उतरवला की दुपारी मी लावीन नंबर. रिक्षाला तेच तर करते रोज."

सहदेवने बँकेत जाऊन पैसे काढले. बाहेर आल्यावर तो थोडा वेळ पायरीवर बसला. गावच्या छपराचे पैसे त्याने एकदा मोजले आणि मग उठला.

बातमी पसरली तशा बायका एकेक करून येऊन गेल्या. भाडं किती घेणार, पुढची सीट कुणाची, उशीर झाला तर थांबणार का, हे सगळं विचारून गेल्या. जानकीने सगळ्यांना हो म्हटलं. पौर्णिमेनंतर बोटी दर्यात जाणार आणि पहिल्या मालाच्या पहाटे शिवदास धक्क्यावर रिकाम्या फाळक्याशी उभा राहणार, हे आता ठरल्यासारखंच होतं. इथे थांबली असती तरी कुणी तिला नाव ठेवलं नसतं. पण तिचं पोट भरलं नव्हतं.

गाडी घरी यायच्या आदल्या दिवशी सहदेव म्हणाला, "नारळ, हार आणून ठेवतंय. गाऱ्हाणा माझो चुलतभाव घालीत."

"तो कित्याक? मान कोणाचो आसा?"

सहदेवने चमकून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या वाडीची जेवढी घरं मुंबईत होती, त्यांच्यात कुणाकडे पूजा असो, बारसं असो, नवी गाडी असो, देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचा मान एकाच घराण्याचा. आज त्या घराण्यातला थोरला होता शिवदास. मानकऱ्याला बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर मान दुसऱ्या घराकडे जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचं तोंड काळं.

"गो, तू माणसाक मारतंस," सहदेव म्हणाला.

"मी मारणंय नाय. देवाकडे मागूक बोलवतंय."

"त्येच्या पोटार पाय देणाऱ्या गाडयेसाठी त्येनाच मागाचा?"

"त्येनाच."

सहदेवने पायात चपला सरकवल्या. मग छत्री घेऊन निमंत्रण द्यायला गेला. तिला तोही नाही म्हणू शकला असता. त्याने म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत गाडी उभी होती. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. वाडीची माणसं छत्र्या घेऊन जमली होती, आणि शिवदासच्या टेंपोतल्या सगळ्या बायका. जानकीने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

शिवदास आला. धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. त्याने बायकांकडे एकदा बघितलं. सगळं त्याला तेव्हा समजलं असावं. त्याने नारळ हातात घेतला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज तुझ्या ह्या लेकरान, सहदेवान आणि जानकीन, कष्टाची गाडी घेतल्यान हा. तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडी चलवणाऱ्या चेडवाक सांभाळ. रस्त्यार, घाटार, पाण्यापावसात पाठीशी ऱ्हव. इंजिनाक बळ दी, धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याचा आवाज खणखणीत होता. घराण्याचा आवाज होता तो, उसना नव्हता. जानकीच्या अंगावर काटा आला. हा माणूस मनापासून मागतोय, हे तिला कळलं आणि त्याचाच तिला राग आला.

पुढची ओळ गाऱ्हाण्यात नेहमीची असते, वाईट चिंतणाऱ्यांचं वाटोळं मागणारी. शिवदास तिथे येऊन थांबला. छत्र्यांवर पाऊस वाजत राहिला.

"म्हणा, भावोजी," जानकी म्हणाली. "अर्धा गाऱ्हाणा घालतत काय?"

ऋतिकाने तिचा दंड धरला. "आई, पुरे ना."

शिवदासने डोळे उघडले. जानकीकडे बघून तो सावकाश म्हणाला, "आणि जेना ह्या बायेक भर उन्हात हायवेर उतरवल्यान, तिचो माल कुसवल्यान, त्या शिवदासाच्या धंद्याचा वाटोळा कर रे म्हाराजा."

कुणी काही म्हटलं नाही. वाडीतली जुनी माणसं खाली बघायला लागली. रत्नप्रभाने तोंडावर पदर धरला. सहदेवचे ओठ हलले आणि मिटले. गाऱ्हाण्याला होकार मिळाल्याशिवाय नारळ फोडता येत नाही. शिवदास नारळ वर धरून तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं.

जानकीला दया आली. नाही असं नाही, चांगली पोटातून आली. 'नको' म्हणायला एवढी दया पुरली असती. पण मास्तरीणबाईंचा तो हळू आवाज तिच्या कानात होता, आणि तो दयेपेक्षा मोठा होता.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. एकटीच. मोठ्याने.

शिवदासने नारळ गाडीपुढच्या दगडावर आपटला. एका घावात दोन भकलं झाली, पाणी चाकावर उडालं. त्याने सुरीने खोबऱ्याचे तुकडे केले आणि रीतीप्रमाणे पहिला तुकडा मालकिणीच्या हातावर ठेवला. मग सगळ्यांना वाटले, बायकांनाही, आणि चपला न घालताच गल्लीतून चालत गेला.

खोबरं गोड होतं. जानकीने तिथेच उभं राहून ते चावून खाल्लं. बाकी सगळे आपापला तुकडा हातात धरून उभे होते, आणि कुणीच तो तोंडात घालत नव्हतं.